स्टेम सेलचं इंजेक्शन, तीन लाख रुपये : धाकट्या भावाच्या डोळ्यांसाठी विचारतोय

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. भाऊ 26 वर्षांचा, बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. लहानपणी दिवेलागणीनंतर गोठ्याकडं जायला तो नको म्हणायचा आणि आम्ही सगळे त्याला भित्रा म्हणायचो. आता ते आठवलं की घास उतरत नाही. दोन वर्षांपूर्वी बाजूनं येणारी ट्रॉली त्याला दिसली नाही, पाय थोडक्यात वाचला. मग मिरजेला तपासलं. रेटिनायटिस पिग्मेंटोसा (आरपी), दोन्ही डोळे. समोरचं दिसतं, बाजूचं नळीतनं बघितल्यागत. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की यावर सध्या औषध नाही, पण दरवर्षी दाखवायला या. काम सुटलं, त्यानंतर आम्ही परत गेलोच नाही. हल्ली पेपर वाचतानाही अक्षरं धुरकट दिसतात म्हणतो.

गेल्या महिन्यात एका पाहुण्यांनी एका क्लिनिकचा नंबर दिला. नाव-गाव लिहीत नाही. कमरेच्या हाडातली मज्जा काढायची, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी, वेगळ्या करून डोळ्यात सोडायच्या. एका डोळ्याला दीड लाख, दोन्हींना तीन. फोनवर सांगितलं, "सेल आपोआप खराब जागी जाऊन बसतात आणि नवा पडदा तयार होतो." सोमवारपर्यंत 25 हजार आगाऊ भरायचे आहेत. आई म्हणते, "माझं डाग गहाण टाकतो, पण पोराला दिसूदे."

यात खरं किती आहे? कुणी घेतलंय का असं इंजेक्शन?

राजहंसगड
आगाऊ रक्कम भरू नका. मी बंगळुरात एका प्रयोगशाळेत पेशींवरच काम करतो, मूळचा येळ्ळूरचा. रात्री निवांत लिहितो. तोपर्यंत आईंना एवढंच सांगा की सोमवार गेला म्हणून काही बिघडत नाही.

गणपत गल्ली
असं एकदम नको म्हणू नका हो. माझ्या मावसभावाचा डोळा स्टेम सेलनंच बरा झालाय. तंबाखूच्या चुन्याची पुडी फोडताना चुना डोळ्यात उडाला होता, बुबुळ पांढरंफटक झालेलं. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, दुसऱ्या चांगल्या डोळ्यातला बारीक तुकडा घेऊन लावला. आज तो स्वतः गाडी चालवतो. मी डोळ्यानं बघितलेलं सांगतोय.

मलप्रभाकाठ
@गणपत गल्ली, हे वाचून जिवात जीव आला. म्हणजे होतंय तर!

शाहापूरचा माग
आमच्या घराण्यात तीन पिढ्या हातमाग. आजोबांना शेवटी दिसायचं नाही, तेव्हा "डोळ्यावर पडदा आला" एवढंच म्हणायचे. तो मोतीबिंदू होता की आणखी काही, कुणी विचारलं नाही. वाचतोय, लिहा.

राजहंसगड
बसलो लिहायला. मोठं होणार, पण तुकड्यात सांगून उपयोग नाही.

आधी गणपत गल्लीच्या मावसभावाबद्दल. ते शंभर टक्के खरं आहे, आणि नेमका तिथंच सगळ्यांचा घोटाळा होतो. आपण "डोळ्याचा पडदा" दोन-तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. चुन्यानं जळतो तो पुढचा, काचेसारखा पारदर्शक भाग, कॉर्निया. त्याच्या कडेला गोल पट्टीत स्टेम सेल असतात, त्या जन्मभर वरचा थर नवा करत राहतात. चुन्यानं ती पट्टीच मरते. मग चांगल्या डोळ्यातली थोडी पट्टी आणून लावली की थर पुन्हा वाढतो. हैदराबादेत हे काम वीसेक वर्षांहून जास्त काळ चाललंय आणि जगभरातले डॉक्टर ते शिकले. नेत्रदानात मिळतो तोही कॉर्नियाच.

तुमच्या भावाचा आजार मागच्या पडद्याचा आहे, दृष्टिपटलाचा, रेटिनाचा. तो चामडीसारखा थर नाही, तो मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. त्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी दंडपेशी, त्या अंधुक उजेडासाठी, आणि 60 लाखांच्या आसपास शंकूपेशी, त्या रंग आणि बारीक अक्षरांसाठी. आरपीमध्ये आधी दंडपेशी जातात. गोठ्याकडं जायला पोरगं नको म्हणत होतं ते त्यामुळं, भित्रेपणानं नव्हे. शंकूपेशी नंतर जातात. माणसाच्या रेटिनात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

आता शिवारातलं सांगतो म्हणजे डोळ्यासमोर येईल. या प्रकाशपेशींच्या खाली एक काळपट थर असतो, आरपीई म्हणतात त्याला. भाताचं रोप आणि खालचा चिखल, तसं यांचं नातं. आरपीई वरच्या पेशींना अन्न पुरवतो, त्यांची रोज झिजून पडणारी टोकं गिळून साफ करतो. काही आजारांत चिखल आधी बिघडतो आणि मग रोपं वाळतात, उदाहरणार्थ म्हातारपणी मध्यभागाची नजर जाते तो एएमडी. आरपीमध्ये बहुतेक वेळा रोपातच दोष असतो. चिखल बदलणं त्यातल्या त्यात सोपं. रोप बदलणं फार अवघड, कारण नव्या रोपाची मुळं थेट मेंदूकडं जाणाऱ्या तारांना जोडली गेली पाहिजेत.

जगात आजवर जे पुढं गेलंय ते मुख्यतः चिखलाचं काम. 1998 मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून स्टेम सेल वेगळ्या केल्या. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीला चार जनुकं देऊन पुन्हा स्टेम सेलसारखं केलं, पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीलाही. 2012 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. मग जपानच्या मासायो ताकाहाशी यांनी सप्टेंबर 2014 मध्ये एएमडी असलेल्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या स्वतःच्या कातडीपासून आरपीई तयार करून त्यांच्या डोळ्यात बसवला. तो टिकला. नजर वाढली नाही, पण आणखी खालावलीही नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार होत्या, पण त्यांच्यात जनुकीय बदल दिसले आणि ताकाहाशींनी शस्त्रक्रिया थांबवली. हा थांबण्याचा निर्णय मला सगळ्यात मोठा वाटतो.

2018 मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या दोन रुग्णांचा अहवाल आला. भ्रूणपेशींपासून केलेला आरपीईचा छोटासा तुकडा त्यांच्या डोळ्यात लावला होता. आधी अजिबात वाचता येत नव्हतं, वर्षभरानं साध्या चष्म्यानं मिनिटाला 60 ते 80 शब्द वाचता येऊ लागले. पण हे दोघं कोण? नजर अचानक, नुकतीच गेलेली माणसं. वरची रोपं अजून जिवंत होती.

आता तुमच्या इंजेक्शनकडं या. हाडाच्या मज्जेतल्या स्टेम सेल रक्त तयार करतात. डोळ्यात सोडल्या म्हणून त्या प्रकाशपेशी होत नाहीत, खराब जागा शोधत जात नाहीत, तारा जोडत नाहीत. प्रयोगशाळेत एका स्टेम सेलपासून रेटिनाची पेशी घडवायला आम्हाला महिनोन् महिने रोज वेगवेगळी रसायनं ठरल्या क्रमानं द्यावी लागतात. सकाळी मज्जा काढून दुपारी डोळ्यात टोचणाऱ्याकडं यातलं काहीच घडलेलं नसतं.

गणपत गल्ली
मला हा फरक माहीत नव्हता. मी उगाच आशा लावली, मलप्रभाकाठ, माफ करा. वरचं माझं लिहिणं तसंच ठेवतो, दुसरा कुणी माझ्यासारखंच समजून बसला असेल तर त्याला कळेल.

निपाणीची अक्का
माझ्या सासूबाईंना ओला एएमडी आहे, कोल्हापूरला दर काही महिन्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला नेतो. ते स्टेम सेलचं आहे असं मला वाटत होतं! बंद केलं तर चालेल काय?

राजहंसगड
अक्का, बंद करू नका. ते अँटी-व्हीईजीएफचं इंजेक्शन. रेटिनाखाली नको तिथं वाढणाऱ्या, गळणाऱ्या रक्तवाहिन्या ते दाबून धरतं. सिद्ध झालेला उपचार आहे, आणि तारीख चुकली की नजरेचं नुकसान होतं.

अनगोळ नाका
मी जरा कडू बोलतो. पोराची नजर जाणारच आहे ना? मग तीन लाख गेले तर गेले. बुडत्याला काडीचा आधार. शहाण्या माणसांनी लांबनं नको म्हणायला काय जातंय? घरात आंधळं होणारं पोर बघत बसायचं कुणी?

राजहंसगड
@अनगोळ नाका, तुमचा प्रश्न कडू नाही, तोच खरा प्रश्न आहे. उत्तर असं की त्या पोराकडं घालवण्यासारखं अजून भरपूर आहे. त्याला समोरचं दिसतं.

अमेरिकेत फ्लोरिडात 2015 मध्ये एएमडी असलेल्या तीन बायकांनी एका क्लिनिकमध्ये पोटाच्या चरबीतल्या "स्टेम सेल" दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचून घेतल्या. वयं 72 ते 88. प्रत्येकीनं 5000 डॉलर भरले. जाताना त्यांची नजर आपल्या हिशेबात 6/9 ते 6/60 होती (खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी), म्हणजे एखादी बऱ्यापैकी वाचू शकत असणार. डोळ्यात रक्तस्राव झाला, रेटिना सुटून आला. वर्षभरानं चांगल्यात चांगली नजर 6/60, आणि वाईटात वाईट म्हणजे उजेड-अंधारसुद्धा कळेना. 2017 मध्ये हे मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या क्लिनिकनं आपलं नाव नव्या उपचारांच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतही घातलेलं होतं. म्हणून नुसता नोंदणी क्रमांक दाखवला तरी हुरळू नका.

"दोन्ही डोळे एकदम" हे ऐकलं तरी उठून यायचं. खरी चाचणी आधी एका डोळ्यात करतात, सहसा कमी दिसणाऱ्या.

मारुती गल्ली चष्मेवाले
मी ऑप्टोमेट्रिस्ट, दुकान बेळगावातच. दोन गोष्टी.

पहिली, कायद्याची. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ठरावीक रक्तविकारांसाठीचं मज्जा-प्रत्यारोपण सोडलं तर माणसावरचा स्टेम सेलचा वापर संशोधनात मोडतो. संशोधन असेल तर नैतिक समितीची मंजुरी लागते, चाचणीची नोंद लागते, आणि रुग्णाकडनं उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. तुम्हाला दर सांगितला, दोन डोळ्यांचा हिशेब सांगितला, आगाऊ मागितले. आणखी काय तपासायचं राहिलं?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि कुणी ती पकडली नाही. "हल्ली वाचताना अक्षरं धुरकट दिसतात." मलप्रभाकाठ, आरपी हळू सरकतो. मधली नजर काही महिन्यांत धुरकट झाली तर दोन कारणं आधी बघायची : मागच्या बाजूचा मोतीबिंदू, जो आरपीवाल्यांना तरुणपणीच होतो, आणि मॅक्युलाची, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाची, सूज. दोन्हींवर उपाय आहे. दोन्ही ओसीटी (रेटिनाचं स्कॅन) आणि साध्या तपासणीत दिसतात. "औषध नाही" हे ऐकून तुम्ही दोन वर्षं गेला नाही, तसं शंभरातली नव्वद माणसं करतात हे मी काउंटरवर रोज बघतो. या आठवड्यात न्या त्याला.

मलप्रभाकाठ
हे डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाही आठवत नाही. "औषध नाही" एवढंच कानात बसलं. उद्याच नेतो.

शाहापूरचा माग
राजहंसगड दादा, एक विचारतो. मागावर ताणा संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडावा लागतो. हजारांनी धागे, एकाला एक. चुकून शेजारच्याला बांधला की नक्षी बिघडली. तुम्ही म्हणता त्या तारा अशाच जोडायच्या असतात का? मग जोडतं कोण?

राजहंसगड
याहून बरोबर मला सांगता आलं नसतं. प्रकाशपेशीची गाठ मधल्या द्विध्रुवी पेशीशी, तिची गँग्लिऑन पेशीशी, आणि त्या गँग्लिऑन पेशींचे दहा लाखांहून जास्त धागे एकत्र येऊन मेंदूकडं जाणारी दृष्टिचेता होते. कुणी सर्जन ते हातानं बांधू शकत नाही, पेशींनीच बांधायचं.

आणि इथं एक मोठा धक्का बसला होता. उंदरांमध्ये चमकणाऱ्या प्रथिनानं खूण केलेल्या प्रकाशपेशी लावल्यावर त्या जुन्या पेशींत मिसळून चमकताना दिसायच्या, सगळे खूश. 2016 मध्ये कळलं की पुष्कळ ठिकाणी नवी पेशी जोडली गेलेलीच नव्हती, तिच्यातली चमकणारी प्रथिनं शेजारच्या जुन्या पेशीत गेली होती. तुमच्या भाषेत, धागा सांधला नव्हता, नुसता रंग लागला होता. त्यानंतर सगळ्यांना जुने निकाल पुन्हा तपासावे लागले.

तरी काम थांबलेलं नाही. 2011 मध्ये योशिकी सासाई यांच्या गटानं उंदराच्या स्टेम सेलचा गोळा ताटलीत ठेवला आणि तो आपला आपण वळून डोळ्याच्या वाटीसारखा झाला, थरांसकट. ते चित्र मी एम.एस्सी.ला असताना पाहिलं आणि याच कामात जायचं ठरवलं. माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या तशा रेटिनाचे तुकडे 2020 पासून कोबे इथं आरपीच्या दोन रुग्णांना लावले. दोन वर्षं टिकले, अपाय झाला नाही. नजरेत मोठा फरक पडला असं म्हणता येत नाही. सध्या आपण तिथवर आहोत. बंगळुरातली आयस्टेम ही कंपनी एएमडीसाठी आरपीईच्या पेशींवर काम करते, अमेरिकेत कपिल भारती यांचा गट रुग्णाच्याच पेशींपासून तुकडा करून लावतो. दोन्ही एएमडीची कामं, आरपीची नव्हेत.

कंग्राळीची पोर
बी.एस्सी.ला आहे, एक भर घालू का? झेब्राफिश नावाचा मासा, आपल्याच देशातल्या नद्यांतला, त्याची रेटिना जखमी झाली तर पुन्हा तयार होते. त्याच्या रेटिनातल्या म्युलर पेशी नव्या पेशी घडवतात. म्युलर पेशी आपल्यालाही आहेत, पण त्या हे करत नाहीत. उंदरात त्यांना जागं करायचे प्रयोग चाललेत. म्हणजे बाहेरनं लावायची गरजच पडणार नाही कदाचित.

राजहंसगड
शाब्बास. ही वाट मलाही फार आवडते. मात्र तीही अजून उंदरापाशीच आहे.

निपाणीची अक्का
एक नाजूक विचारतो, राग मानू नका. हा आजार घराण्यातनं येतो म्हणतात. मलप्रभाकाठ, तुमच्या आई-वडिलांचं लग्न नात्यातलं काय?

मलप्रभाकाठ
होय अक्का. आईचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं, आपल्याकडं चालतंच. आईला कुणीतरी बोललंय की त्यामुळंच झालं. तेव्हापासनं ती देवासमोर बसून रडते.

राजहंसगड
आईंना हे वाचून दाखवा. आरपी साधारण 4000 माणसांत एकाला होतो, नात्यात लग्न न झालेल्या घरांतही. त्याला कारण होणारी जनुकं अनेक आहेत. पुष्कळदा दोन्ही पालकांकडं एकेक बिघडलेली प्रत असते आणि दोघांना काहीच त्रास नसतो. दोन्ही प्रती एकत्र आल्या तरच मुलाला आजार, प्रत्येक बाळंतपणात ती शक्यता 25 टक्के. जवळच्या नात्यात दोघांकडं तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण ती प्रत आईंनी निवडलेली नव्हती, आणि अर्धी वाटणी वडिलांकडनं आली.

जनुकीय तपासणी मात्र करून घ्या. एक तर तुमच्या पिढीतली लग्नं ठरवताना उपयोग. दुसरं, नेमकं जनुक कळल्याशिवाय पुढच्या बऱ्याच चाचण्यांत नाव घेत नाहीत. आरपीई65 नावाच्या एका जनुकासाठी अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये जनुकोपचाराला मान्यता मिळाली. तेव्हाची किंमत दोन डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर, आपल्या आवाक्याबाहेरची, आणि फार थोड्या रुग्णांतच हे जनुक सापडतं. पण आपलं कुठलं, हे कागदावर असायला हवं.

आणि रातांधळेपणा म्हणून कुणी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा करायला सांगेल. शेवग्याचा पाला, गाजर, पपई खुशाल खावीत. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, स्टारगार्टसारख्या रेटिनाच्या आजारात त्या उलट अपायकारक ठरू शकतात.

चिक्कोडीचे सर
मी स्वतः आरपीचा. वय 48, शाळेत इतिहास शिकवतो. इथली चर्चा मुलीनं वाचून दाखवली, पुढची मी फोनकडनं वाचून घेतली. टॉकबॅक मराठी चांगलं वाचतं, कन्नडही.

मलाही विसाव्या वर्षी एकानं "नसा मोकळ्या करतो" म्हणून नेलं होतं. वडिलांनी एक एकर विकली. नजर जायची तशी गेली, पण ती जमीन आजही माझ्या जेवणाच्या ताटात आडवी येते. म्हणून लिहितोय.

भावाला माझा निरोप द्या. काठी हातात घ्यायला मी दहा वर्षं उशीर केला, लोक काय म्हणतील म्हणून. त्या दहा वर्षांत दोनदा गटारात पडलो. पांढरी काठी घेतली त्या दिवसापासनं एसटी स्टँडवर माणसं वाट देतात. त्यानं अंधार पडल्यावर आजपासनं वापरावी. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. नुसता तक्त्यावरचा आकडा बघून "याला दिसतंय की" म्हणतील, तेव्हा फील्डचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राचा, रिपोर्ट पुढं करा. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात दृष्टिक्षेत्र 10 अंशांहून कमी असेल तर समोरचं कितीही चांगलं दिसलं तरी ते अंधत्व धरतात. अर्जाचा कागद कन्नडमध्ये आला तर मला पाठवा, मी सांगतो, मुलगी भरून देते.

अनगोळ नाका
सर, तुमचं वाचून माझं वरचं म्हणणं मागं घेतो. माझ्या पुतण्याचं असंच आहे, म्हणून तसं तोंडातनं आलं. तुमच्याशी बोलता येईल का?

चिक्कोडीचे सर
कधीही. निरोप पाठवा.

मलप्रभाकाठ
दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

सोमवारी पैसे भरले नाहीत. क्लिनिकमधनं चार फोन आले, शेवटच्याला "दोन लाखांत करून देतो" म्हणाले. चाचणीचे कागद, समितीची मंजुरी मागितली. त्यानंतर फोन नाही.

चष्मेवाल्या दादांनी सांगितलेलं बरोबर निघालं. ओसीटीमध्ये दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाची सूज होती. थेंब चालू केले. सहा आठवड्यांनी तक्त्यावर दोन ओळी जास्त वाचल्या. परवा सकाळी चहा घेताना त्यानं पेपर ओढून घेतला आणि मोठ्यानं मथळे वाचायला लागला, आई चूल सोडून बाहेर आली. आजार गेलेला नाही हे तिला माहीत आहे. फील्ड दोन्ही डोळ्यांत अरुंदच आहे.

जनुकाच्या तपासणीसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळुराला जाऊन तिघांचं रक्त देऊन आलो. जाताना गाडीत रात्री दिवे गेले तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, "लहानपणी मला खरंच काही दिसत नव्हतं रे." मी काय बोलणार. हात धरला.

आईला राजहंसगड दादांचं वाचून दाखवलं. "अर्धी वाटणी वडिलांकडनं" वर बाबा म्हणाले, "होय की, मी पण हाय त्यात." आई त्या दिवशी नीट जेवली.

काठी अजून घेत नाही म्हणतो. पण सरांशी फोनवर दर रविवारी बोलतो, अर्धा-अर्धा तास, दार लावून. रिपोर्टला अजून महिना लागेल. आला की इथंच टाकतो.